जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण यांसह

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



वर्धापनदिनाच्या दिवशी काहीतरी गोड बोलावे अशी रीत आहे. मला मात्र कार्यकारिणीने सांगितले, "तुम्ही जागेविषयी बोला." त्याला कारणही तसेच आहे. गेल्या दोन वर्षांत आपल्या मंडळातील निदान सात-आठ घरांतून जागेचा विषय निघाला. कुणाचा वाडा पाडायचा ठरला, कुणाचे यजमान निवृत्त झाले, कुणाच्या मुलाला शहराबाहेर 'हिरवळीत' घर हवे आहे. हळदीकुंकवाला गेले तरी कानावर गुंठ्याचा भावच येतो. लग्न करून पाहावे आणि घर बांधून पाहावे, असे आपल्या आज्या म्हणत. पण त्या दोन्हींच्या आधी एक पाहणे असते, त्याकडे आपले दुर्लक्ष होते. मुलगी पाहतो, स्थळ पाहतो. जागा मात्र आपण पाहत नाही, आपल्याला ती दाखवली जाते.

मी काही वकील नाही. एका वकिलांच्या कार्यालयात तीस वर्षे टंकलेखिका होते, आणि त्या तीस वर्षांत दुसऱ्यांची शेकडो खरेदीखते मी टाइप केली. प्रत्येक खतात एक वाक्य ठरलेले असे. जागेचे वर्णन झाले, चतुःसीमा झाल्या, की पुढे येई: "सदरहू मिळकत तिच्यातील जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह दरोबस्त." ही भाषा फार जुनी. शिवकाळातील आणि पेशवाईतील इनामपत्रांतही ती सापडते. राजाने जमीन दिली, की तिच्यावरचे पाणी, झाडे, गवत, लाकूड, दगड आणि पोटातले धनसुद्धा दिले, असा तिचा अर्थ. बोटे आपोआप ते वाक्य टाइप करीत. त्यातील 'तरु' या शब्दावर थांबावे, असे पुष्कळ वर्षे मला वाटले नाही, कारण थांबण्याचे प्रयोजनच पडले नाही. ते पडले घरचीच जागा घ्यायची वेळ आली तेव्हा. त्याविषयीच मला आज सांगायचे आहे. झाडीची जमीन विकत घेताना खतात 'तरु' लिहिलेले असले, तरी तो तरु कधी मुळीच आपला नसतो, आणि आपला असला तरी आपल्या एकट्याचा नसतो. हे ज्या घराला वेळेवर कळते त्याचे पैसे वाचतात आणि झाडेही वाचतात.

आपले पुणे पाहा. या शहराच्या अंगावर झाडांची नावे गोंदलेली आहेत. तुळशीबाग, बेलबाग, हिराबाग, मोतीबाग, सारसबाग. त्यांतील सारसबाग तेवढी बाग राहिली. तुळशीबागेत आज बांगड्या, पातेली, देवाची उपकरणी सर्व मिळते, तुळस मात्र शोधावी लागते. शहराच्या कडेला चला, तर आंबेगाव, जांभूळवाडी, वडगाव. नदीपलीकडे चिंचवड, ज्यात चिंचही आहे आणि वडही. एरंडवण्याच्या तर नावातच वन आहे. १९०६ साली डेक्कन जिमखान्याची स्थापना झाली, पुढे लकडी पुलापलीकडे बंगल्यांची वस्ती वाढत गेली, १९३३ साली प्रभात फिल्म कंपनी कोल्हापूरहून इथे आली आणि तिच्या नावाने रस्ता झाला. शेते, मळे, आमराया होत्या तिथे प्लॉट पडले. आपल्यापैकी कितीतरी जणी त्याच प्लॉटांवरच्या घरांत नांदलो. तेव्हा 'जुने सगळे सोन्याचे आणि आताचे सगळे लोखंडाचे' असे म्हणायला मी उभी राहिलेली नाही.

उलट उदाहरणही याच गावात आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठांतील हजारो संसार एका दिवसात उघड्यावर आले. त्यानंतर पूरग्रस्तांसाठी गोखलेनगर, सहकारनगर अशा वसाहती उभ्या राहिल्या. त्या भागांत तेव्हा बहुतेक उघडा माळ होता. मुरूम, दगड आणि ऊन. पेठेतल्या बायका तिथे रडत गेल्या. पण त्यांनी धुण्याभांड्यांचे पाणी वाया न घालवता दारापुढे आंबा लावला, कडुनिंब लावला, शेवगा लावला, पारिजातक लावला. आज सहकारनगरच्या आतल्या गल्ल्यांतून दुपारी चालताना डोक्यावर सावली असते, ती त्या बायकांची आहे. म्हणजे घराचा प्लॉट हा झाडाचा वैरीच असतो असे नाही. माळावर घर झाले की झाड वाढते. झाडीत घर झाले की झाड जाते. असे का व्हावे? माळावर आलेल्या बाईला सावली हवी असते. झाडीत आलेल्या माणसाला सावली आयती मिळालेली असते, आणि आयत्या वस्तूची किंमत आपण सगळेच कमी करतो.

आता आमच्या घरची गोष्ट. माझे धाकटे दीर आणि त्यांचा मुलगा यांनी मिळून जागा घ्यायचे ठरवले. भाऊजींची भविष्यनिर्वाह निधीची रक्कम, मुलाची बचत आणि जाऊबाईंच्या पाटल्या, असे तिहेरी भांडवल. सिंहगडाच्या दिशेला एका मध्यस्थाने जागा दाखवली. तो म्हणाला, "काकू, महाबळेश्वर आहे महाबळेश्वर!" आणि खरोखर जागा सुंदर होती. उतारावर धावडा, खैर, सालई, मध्येच पळस, खाली ओढ्याकडे जांभळे. मी विचारले, "या झाडांचे काय?" तो म्हणाला, "त्याची काळजी नको. मशीन लावलं की दोन दिवसांत साफ करून देतो. ओपन प्लॉट ताब्यात." मला ते 'साफ' आवडले नाही; पण नावडीवरून व्यवहार मोडता येत नाही. मी म्हटले, "सातबारा द्या."

सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. सातात जमीन कुणाची आणि तिच्यावर कुणाचे कोणते हक्क, ते लिहिलेले असते. बारात तिच्यावर काय पिकते ते. आता तो घरबसल्या मोबाइलवर दिसतो, त्यासाठी कुणाच्या विनवण्या कराव्या लागत नाहीत. पुष्कळ माणसे सातबारा हातात घेतात आणि फक्त मालकाचे नाव वाचतात. भगिनींनो, नाव सर्वांत शेवटी वाचा. आधी भोगवट्याचा वर्ग पाहा. वर्ग एक असेल तर मालकाला विकण्याची बहुधा मोकळीक असते. वर्ग दोन असेल तर सरकारच्या परवानगीवाचून विकता येत नाही. मग 'इतर हक्क' हा रकाना पाहा. घराच्या आतल्या गोष्टी जशा मोलकरणीला ठाऊक, तशा जमिनीच्या आतल्या गोष्टी या रकान्याला ठाऊक असतात.

आमच्या त्या सातबाऱ्यावर इतर हक्कांत एकच ओळ होती. वनाचा उल्लेख आणि पुढे एका फेरफाराचा क्रमांक. मध्यस्थ म्हणाला, "ती जुनी नोंद आहे, सगळ्यांच्याच उताऱ्यावर असते." मी म्हटले, "मग फेरफार पाहू." फेरफार म्हणजे जमिनीच्या कागदात झालेला प्रत्येक बदल, तारीखवार. तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. त्यांच्या कार्यालयातून नक्कल काढली. ती नोंद १९७५ च्या खाजगी वनांच्या कायद्याखालची होती. विसार द्यायचा दिवस दोन दिवसांवर आला होता. मी भाऊजींना म्हटले, "ही जागा राहू द्या." घरात दोन दिवस कुणी माझ्याशी नीट बोलले नाही. पुतण्या म्हणाला, "काकू, तुम्ही फार शंकेखोर." जाऊबाई मात्र स्वयंपाकघरात हळूच म्हणाल्या, "बरं झालं. पाटल्या माझ्या होत्या."

हा १९७५ चा कायदा काय आहे, ते थोडक्यात सांगते. ३० ऑगस्ट १९७५ या दिवशी महाराष्ट्रातील खाजगी वने कायद्याने शासनाकडे गेली. त्याआधी इंग्रजी अमदानीतील १९२७ च्या वन कायद्याखाली काही जमिनींना नोटिसा निघालेल्या होत्या. त्या नोटिसांचे पुढे काय झाले, कुठल्या पोहोचल्या, कुठल्या नाही, याचा घोळ कित्येक वर्षे चालला. मुंबईजवळ मुलुंडला याची फार मोठी झळ लागली. १९५६-५७ च्या सुमाराच्या नोटिसा. मध्यंतरी रीतसर परवानग्या मिळून इमारती झाल्या, लोक राहायला आले, मुले शाळेत जाऊ लागली. आणि २००६ च्या सुमारास कळले की ही जमीन वन म्हणून नोंदली जात आहे. २००८ साली मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल घरवाल्यांच्या विरुद्ध गेला. शेवटी ३० जानेवारी २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की नुसती नोटीस निघाल्याने जमीन वन होत नाही. ती मालकाला बजावलेली हवी, त्याचे म्हणणे ऐकलेले हवे. तेव्हा कुठे त्या घरांनी निःश्वास टाकला. निकाल चांगला लागला. पण मधल्या वर्षांत ज्या बाईने त्या घरात रात्री जागून काढल्या, तिला त्या कोण परत देणार?

मुलुंड दूर वाटत असेल तर आपल्या कोंढव्याला चला. कोंढवा बुद्रुक येथे ११.८९ हेक्टर जमीन, म्हणजे सुमारे साडेएकोणतीस एकर, १८७९ पासून राखीव वन होती. २८ ऑगस्ट १९९८ रोजी ती शेतीसाठी म्हणून एका कुटुंबाला देण्याचा निर्णय झाला. ३० ऑक्टोबर १९९९ रोजी तीच जमीन एका गृहनिर्माण संस्थेला विकण्याची परवानगी मिळाली. ३ जुलै २००७ रोजी तिथे बांधकामासाठी केंद्र सरकारच्या खात्याकडून पर्यावरणाची मंजुरीही मिळाली. कागदावर कागद, शिक्क्यावर शिक्का. आणि १५ मे २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने हे तिन्ही निर्णय रद्द केले, आणि जमीन तीन महिन्यांत वनखात्याकडे द्यावी असा हुकूम केला. एवढेच नव्हे, तर देशातील सर्व राज्यांनी विशेष पथके नेमून, महसूल खात्याच्या ताब्यातील राखीव वनांपैकी काही खाजगी माणसांना गेले आहे का, हे शोधावे असेही सांगितले. म्हणजे हा विषय एका कोंढव्यापुरता राहिलेला नाही.

यावरून दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली अशी, की वन हे डोळ्यांना दिसतेच असे नाही. राखीव वन कागदावर असते. तिथे एकही झाड उरले नसले तरी ते वनच. दुसरी बरोबर उलट. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की शब्दकोशातल्या अर्थाने जे वन आहे, ते मालकी कुणाचीही असो, १९८० च्या वनसंरक्षण कायद्यासाठी वनच समजावे. तेव्हा झाडी नाही म्हणून निर्धास्त होऊ नये आणि मालकाचे नाव आहे म्हणूनही निर्धास्त होऊ नये. एखादा म्हणेल, "अहो, शिक्का आहे ना!" कोंढव्याला शिक्के काय थोडे होते?

तिसरी पाहायची गोष्ट म्हणजे झोन दाखला. जागा नकाशात कोणत्या पट्ट्यात पडते हे त्यावरून कळते. शहरात तो महापालिकेकडून, बाहेर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडून किंवा नगररचना कार्यालयाकडून घ्यावा. पुण्याभोवतीच्या टेकड्यांच्या बाबतीत तर त्याशिवाय पाऊलच टाकू नये. पूर्वी शहरात आलेल्या २३ गावांतील डोंगरउतारांवर जैवविविधता उद्यानाचे आरक्षण आहे. शासनाने ते २०१५ साली मान्य केले. तरीही अशा उतारांवर गुंठा-दोन गुंठ्यांचे व्यवहार झालेले आहेत, आणि ज्यांनी दागिने मोडून ती जागा घेतली त्यांची आज ना शेती, ना घर. अकृषिक परवानगीचे आणि तुकडेबंदीचे नियमही अलीकडे बदलत आहेत. तेव्हा शेजारणीने पाच वर्षांपूर्वी काय केले, त्यावर विसंबू नये. आज काय आहे ते आजच विचारावे.

असो. पुढे वर्षभराने आमच्या मंडळींना कोथरूडच्या पलीकडे, महापालिकेच्या हद्दीतच, पाच गुंठ्यांची जागा मिळाली. कागद स्वच्छ, रहिवासी पट्टा, वर्ग एक. पण इथेही झाडे होतीच. पुतण्याने वास्तुरचनाकाराला जागेचा नकाशा दिला, त्यात लांबी-रुंदी होती, झाडे नव्हती. मी म्हटले, "आधी झाडे मोजू." रविवारी सकाळी आम्ही चौघे टेप घेऊन गेलो. चौदा निघाली. एक आंबा, दोन जांभळी, एक कडुनिंब, एक शिरीष, सहा गिरिपुष्प आणि तीन सुबाभळी. प्रत्येकीचे कुंपणापासून अंतर, बुंध्याचा घेर आणि फांद्यांचा पसारा आम्ही वहीत लिहिला. पहिल्या आराखड्यावर ती चौदा टिंबे काढली, तेव्हा बारा झाडे घराखाली, जिन्याखाली नाही तर मोटारीखाली जात होती.

इथे कायदा काय म्हणतो? शहरी भागातल्या झाडांसाठी आपल्याकडे १९७५ चाच दुसरा एक कायदा आहे. आपल्या अंगणातले, आपण लावलेले, आपण पाणी घातलेले झाडही वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून तोडता येत नाही. अर्ज करावा लागतो, पाहणी होते, झाडावर नोटीस लागते आणि नागरिकांना हरकत घेता येते. २०२१ साली त्यात दुरुस्ती झाली. पन्नास वर्षांच्या किंवा त्याहून जुन्या झाडाला आता वारसा वृक्षाचा मान आहे. आणि झाड तोडण्याची परवानगी मिळाली, तर त्या झाडाचे जेवढे वय तेवढी नवी झाडे लावावी लागतात. चाळीस वर्षांची जांभूळ पाडली तर चाळीस रोपे! हा हिशेब मला फार आवडला. घरातल्या वृद्ध माणसाचा मान वयावरून ठेवतात, तसा हा झाडाचा मान. गावाकडे जमीन असेल तर तिथे १९६४ चा वेगळा कायदा आहे. आंबा, फणस, चिंच, जांभूळ, साग, खैर, हिरडा, चंदन अशी ठरावीक झाडे मालकालाही विचारल्यावाचून तोडता येत नाहीत.

आता काही हुशार माणसे असतात. ती झाड तोडीत नाहीत. बुंध्याची साल गोलाकार काढतात, मुळाशी काहीतरी ओततात, आणि झाड 'आपोआप' वाळले असे सांगतात. त्यांना ठाऊक नसते, की कायद्याने झाडाला कोणत्याही रीतीने इजा करणे म्हणजे ते तोडणेच. आणि कायद्याला कळले नाही तरी घरच्या मुलांना कळते. मुले सगळे पाहतात.

कायद्याच्या धाकाने म्हणा, पण आमच्या घरात झाडांवर खरी चर्चा झाली, आणि ती गोड नव्हती. सूनबाईंचे म्हणणे, "जांभूळ फाटकाजवळ नको. पडलेल्या जांभळांनी फरशी जांभळी होते, गाडी खराब होते, माशा येतात. झाडून कोण काढणार? मीच." तिचे खोटे नव्हते. झाडावर प्रेम करणारा एक आणि त्याचा पाला झाडणारी दुसरी, असे आपल्या घरांत पूर्वीपासून चालत आले आहे. मी तिला म्हटले, "पाल्याचा वाटा ठरवून घे, आणि मग बोल." पुतण्याने लिहून दिले, की अंगण तो झाडील. तो कागद मी टाइप करून ठेवला आहे. माझे आतापर्यंतचे सर्वांत छोटे आणि सर्वांत पक्के खत तेच.

वास्तुरचनाकाराने एक गोष्ट दाखवून दिली, ती सर्वांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. घराच्या चारी बाजूंना नियमाने मोकळी जागा सोडावीच लागते. तिला सामासिक अंतर म्हणतात. त्या पट्ट्यात घर येणारच नसते. मग त्यातली झाडे का जातात? मोटारीसाठी, पाण्याच्या टाकीसाठी, आणि सर्वांत जास्त म्हणजे बांधकामाच्या वेळी वाळू-खडी टाकायला जागा हवी म्हणून. फाटक पूर्वेकडून उत्तरेला नेले, तेवढ्याने आंबा आणि एक जांभूळ वाचली. जिना फिरवला, शिरीष वाचला. दहा बाय दहाची एक खोली कमी केली, दुसरी जांभूळ वाचली. शेवटी सहा झाडांसाठी अर्ज केला. चार गिरिपुष्पे आणि दोन सुबाभळी. दोन्ही जाती बाहेरदेशच्या, भराभर वाढणाऱ्या. आठ झाडे राहिली. खोली कमी झाल्याचे दुःख भाऊजींना अजून आहे, ते मी लपवीत नाही. पाहुणे आले की ते म्हणतात, "तुमची खोली त्या झाडावर आहे."

झाड ठेवायचे म्हणजे नुसते उभे ठेवायचे नव्हे. झाडाची अन्न घेणारी बारीक मुळे खोल नसतात. वरच्या दीड-दोन फुटांत, फांद्यांच्या पसाऱ्याएवढी आणि त्याहूनही दूर पसरलेली असतात. त्यांवर मुरमाचे ढीग टाकले, ट्रक फिरवले, सिमेंटची पाटी धुऊन पाणी ओतले, तर झाड त्या वर्षी मरत नाही. तीन-चार वर्षांनी मरते, आणि आपण म्हणतो कीड लागली. म्हणून काम सुरू होण्याआधी झाडांभोवती पत्र्याचे कुंपण करावे. बुंध्याभोवती माती चढवू नये, गळ्यापर्यंत फरशी बसवू नये. झाडाच्या बाजूला सलग चर खणण्याऐवजी खांबांचा पाया घेता येईल का, ते अभियंत्याला विचारावे. खणलेल्या मातीचा वरचा थर वेगळा ठेवावा. तो पुन्हा बागेला लागतो. वड, पिंपळ, उंबर भिंतीला लागून असतील तर मात्र भाबडेपणा नको. त्यांची मुळे घरात येतात. ही झाडे दुसरीकडे नेऊन लावली तर पुष्कळदा तगतात. जुना आंबा किंवा जांभूळ सहसा तगत नाही. म्हणून 'पुनर्रोपण करू' असे कुणी सहज म्हणाले, तर कोणते झाड ते विचारावे.

हे आपल्याकडे आजच सुचलेले शहाणपण नव्हे. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या 'आज्ञापत्रा'त आरमाराच्या लाकडाविषयी सांगताना बजावले आहे, की आंबा-फणसासारखी रयतेची झाडे तोडू नयेत, कारण ती लेकरांसारखी बहुत वर्षे जतन करून वाढवलेली असतात. एखादे जीर्ण झाड हवेच असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊनच घ्यावे. म्हणजे ज्या राज्यात इनामपत्रावर 'तरु' लिहून देत, त्याच राज्यात तरूवर हात टाकण्याआधी थांबायलाही सांगत. आणि आपल्याच बुधवार पेठेत डॉ. हेमा साने यांनी, गरवारे महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवून, जन्मभर विजेवाचून, झाडांच्या आणि पाखरांच्या संगतीत संसार केला. २०२५ साली त्या गेल्या. आपल्याला तसे राहणे जमणार नाही, आणि तसे राहा असे मी कुणाला सांगणार नाही. पण भर पेठेत झाड आणि घर एकत्र नांदू शकते, हे त्यांनी दाखवून दिले.

वेळ पुष्कळ घेतला. शेवटी एक विनंती करते. जागेच्या व्यवहारात पैसे सर्वांचे असतात, दागिने बहुधा आपले असतात, आणि सही पुष्कळदा फक्त त्यांची असते. माझे म्हणणे भांडणाचे नाही. सही कुणाचीही असो, वाचन आपले असावे. सातबारा, फेरफार, झोन दाखला, मोजणीचा नकाशा आणि झाडांची वही, ही पाच कागदपत्रे घरातल्या बाईने स्वतः चष्मा लावून वाचल्याशिवाय विसार जाऊ नये. मोडी लिपीत नाहीत ती. साध्या मराठीत असतात. एखादा शब्द अडला तर मंडळात घेऊन या. दर शुक्रवारी भजनानंतर अर्धा तास मी इथेच असते, चहा माझ्याकडून.

आणि व्यवहार झाला, तर खतातले ते जुने वाक्य मोठ्याने वाचा. जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण. त्यातले किती आपण घेतो आहोत आणि किती नुसते सांभाळायला घेतो आहोत, हे सही करण्याआधी घरात बोलून घ्या.